चारशे सतरा नंबरचं दार

हिंगोलीच्या आसपास कुणी घर बांधायला काढलं की सगळ्यात आधी दार उभं राहतं. पाया खणलेला असो नसो, दगडमाती आलेली असो नसो, जोश्याने सांगितलेल्या मुहूर्तावर सुतार चौकट आणतो आणि मोकळ्या जागेत रोवतो. घरधनीण तिला हळदकुंकू लावते, वर हिरवा खण बांधतात, नारळ फुटतो, गूळ वाटतात. मग महिना-दोन महिन्यांत, जमेल तशा, भिंती त्या दारापर्यंत येऊन पोहोचतात. यात कुणाला काही नवल वाटत नाही.

सोनाजीच्या बाबतीत एवढंच झालं की दार वेळेवर आलं आणि भिंती मात्र सव्वा वर्ष झालं तरी आल्या नाहीत. दोष भिंतींचा नव्हता, कचेरीचा होता. पण कचेरीला उशीर झाला असं म्हणायची त्या काळी पद्धत नव्हती. कचेरीत नेहमी 'कार्रवाई जारी' असायची, आणि ती जारी असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नसे.

सोनाजी मूळचा शिरड शहापूरचा. हिंगोलीच्या एका जिनिंगात कापसाच्या गासड्या बांधायचं काम करायचा आणि जिनाच्याच पत्र्याखाली आणखी अकरा गड्यांबरोबर राहायचा. जागा इतकी ऐसपैस की एकाने कूस बदलली की बाराही जणांना बदलावी लागे. अशा ठिकाणी बायको आणायची सोय नव्हती. म्हणून लग्नाला तीन वर्षं झाली तरी शालूबाई कळमनुरीला बापाच्या घरीच होती. सणावाराला सोनाजी जायचा, दोन दिवस जावयाचा मान घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी परत निघायचा. निघताना शालूबाई वेशीपर्यंत यायची आणि काहीच बोलायची नाही. तिचं ते न बोलणं सोनाजीला हिंगोलीपर्यंत सहा कोस ऐकू येत राहायचं.

सासरे ग्यानबा भले गृहस्थ, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जावयाला समोर बसवून सांगितलं होतं, "चार भिंती अन् एक दार दाखवा जवाईबापू. त्याच दिशी पोरगी गाडीत घालून आणतो. बारा गड्यांच्या पत्र्याखाली न्हाई धाडणार." सोनाजीला यात काही वावगं वाटलं नाही. त्याने दोन-दोन पाळ्या केल्या, विडी सोडली, आणि गावाच्या कडेला, कयाधूकडे जाणाऱ्या वाटेवर बेताची जागा घेतली. त्याला वाटलं, अवघड भाग संपला. माणूस किती भोळा असावा याला काही मर्यादा नसते.

शिरड शहापुरात जागा असती तर एव्हाना घर होऊन त्यात पाळणासुद्धा हलला असता. पण हिंगोली पडलं शहर. शहर म्हणजे जिथे स्वतःच्या जागेत स्वतःच्या घामाची भिंत बांधायला दुसऱ्याला विचारावं लागतं. विचारायचं कुणाला, तर बांधकामाची इजाजत देणाऱ्या कचेरीतल्या रामकिशन मुन्शींना.

रामकिशन मुन्शी अतिशय सभ्य मनुष्य होते. नोकरीच्या उभ्या जन्मात त्यांनी कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर माणूस घरी जाऊन कामाला लागला असता. मुन्शी म्हणायचे 'बराबर', आणि मग शांतपणे आणखी एक कागद मागायचे.

सोनाजीने चैत्रात दरख्वास्त दिली. कचेरीची भाषा उर्दू, म्हणून झाडाखाली बसणाऱ्या अर्जीनवीसाकडून ती तशी लिहून घेतली आणि वाचून दाखवायला सांगितली. त्यात सोनाजी कुठेच सापडेना. हुजुरांच्या कदमांशी पडलेला कुणी एक 'कमतरीन', म्हणजे यःकश्चित सेवक, मात्र होता, आणि त्याला दोन खणांचं घर पाहिजे होतं. सोनाजीने मनाशी म्हटलं, असेल बुवा तो मीच, आणि अंगठा दिला.

मुन्शींनी कागद उलटसुलट पाहिला आणि 'बराबर' म्हणून नकाशा मागितला.

आता नकाशा आला लखमा सुताराकडे. लखमाने आयुष्यात दोनशे घरं उभी केली असतील, पण एकाचाही कागद केला नव्हता. घर त्याच्या डोक्यात असायचं आणि माप दोरीच्या गाठीत. तरी सोनाजीच्या प्रेमापोटी त्याने कोळशाने नकाशा काढला. त्यात दार हे एवढं थोरलं काढलं, उंबरा, गणेशपट्टी, दोन्ही फळ्या, कडी, कडीचा खिळा, सगळं जागच्या जागी. बाकीच्या घरासाठी कडेने दोन रेघा ओढल्या. सुताराच्या नजरेने घर म्हणजे एवढंच असतं, उरलेलं गवंड्याने पाहून घ्यावं.

'बराबर,' मुन्शी म्हणाले, आणि यात उत्तर दिशा कुठे आहे ते विचारलं. सोनाजी परत लखमाकडे गेला. लखमाला तो स्वतःचा अपमान वाटला. "उत्तर जिथं असते तिथंच हाय की," तो म्हणाला. "म्या काय हलवली न्हाई." शेवटी उत्तर काढली. मग सफाईच्या दारोगांना खिडकी हवी होती, कारण खिडकीवाचून माणूस आजारी पडतो असं वरून आलेल्या कागदात होतं. खिडकी काढली. तर खिडकी शेजाऱ्याच्या अंगाला येत होती, म्हणून शेजाऱ्याची हरकत नसल्याचा कागद पाहिजे झाला. सोनाजीने हात जोडून सांगितलं की तिन्ही बाजूंनी रान आहे आणि चौथीला रस्ता, शेजारी म्हणून बाभळी तेवढ्या आहेत. मुन्शी म्हणाले 'बराबर', मग शेजारी नसल्याचा दाखला आणा, दोन शेजाऱ्यांच्या सहीनिशी.

यावर सोनाजीने दोन दिवस डोकं चालवलं. तिसऱ्या दिवशी जिनातल्या दोघा गड्यांना घेऊन गेला. त्यांनी सोनाजीचे शेजारी या नात्याने लिहून दिलं की आम्ही सोनाजीचे शेजारी नाही, आणि खाली अंगठे उठवले. त्या कागदात कचेरीला कसलीच चूक सापडली नाही. उलट, इतका चोख कागद क्वचितच येतो असं मुन्शी म्हणाले.

एवढं होईपर्यंत दिवाळी गेली. तिकडे विलायतेत लढाई पेटली होती आणि राज्यंच्या राज्यं आठवड्यात हातची जात होती, त्याला कुणाच्या इजाजतीची गरज पडत नव्हती. मार्गशीर्ष लागला आणि जोश्याने बोटं मोजून सांगितलं की येत्या गुरुवारचा मुहूर्त चुकला तर सोनाजीच्या राशीला पुढे दीड वर्ष चौकट बसवायचा योग नाही. दीड वर्ष आणखी म्हणजे शालूबाईचं ते वेशीवरचं न बोलणं आणखी किती वेळा ऐकायचं, याचा त्याने हिशेबच केला नाही.

तो तडक मुन्शींकडे गेला आणि त्याने सरळ विचारलं, घर बांधत नाही, भिंत बांधत नाही, नुसती चौकट उभी करून पूजा केली तर चालेल का. मुन्शींनी कायद्याचं बाड काढलं, चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पानं चाळली.

"भिंत लिवलेली हाय," ते म्हणाले. "छत हाय. गटार हाय. चौकटीचा लफ्ज कुठंच न्हाई. जे लिवलेलंच न्हाई त्याला मना तरी कोण करणार? बराबर?"

सोनाजीला आयुष्यात पहिल्यांदा कायदा आवडला.

गुरुवारी लखमाने चौकट रोवली. सेनगावच्या बाजूने आणलेलं सागवान, हात फिरवला तर तळव्याला कुसळ लागायचं नाही. घरधनीण हजर नव्हती म्हणून हळदकुंकू लखमाच्या बायकोने लावलं, पण लावता लावता ती म्हणाली, "हे मव्हं काम न्हाई बापा, धनिणीचं हाय. ती आली की तिच्या हातानं पुन्हा लावाया सांग." सोनाजीने मान हलवली. लखमाने लगेच फळ्याही बसवल्या. उघड्या फळ्या कुणी उचलून नेतील म्हणून सोनाजीने बाजारातून एक कुलूप आणून घातलं. आणि अशा रीतीने हिंगोली शहराच्या कडेला, मोकळ्या रानात, एक दार कुलूपबंद उभं राहिलं.

गावाला करमणूक झाली. कयाधूवर धुणं घेऊन जाणाऱ्या बाया दारापाशी थांबून घरधनिणीला हाका मारायच्या आणि पदर तोंडाला लावून पुढे जायच्या. कुणी विचारायचं, सोनाजी, किल्ली हरवली तर घरात कसा जाशील रे. सोनाजी हसून घ्यायचा. पण रोज जिनाचा भोंगा झाला की तो तिथे जायचा, कुलूप काढायचा, उंबरा ओलांडून आत जायचा, घटकाभर उभा राहायचा, बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावायचा. बाजूने तो कधी आत गेला नाही. शेळ्या जायच्या, कुत्री जायची, वारा जायचा. सोनाजी दारातूनच जायचा. का, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण त्याला त्या दाराचं फार होतं.

असं करता करता वर्ष होत आलं. नकाशा आता कचेरीच्या तिसऱ्या टेबलावर होता. पहिल्या टेबलावरून तिसऱ्यापर्यंत सहा पावलं अंतर असेल.

दुसरी दिवाळी झाली आणि खानाशुमारी निघाली. म्हणजे सरकारला माणसं मोजायची होती, आणि माणसं मोजायच्या आधी घरं मोजायची होती. त्या कामाला शाळेतले एक मास्तर जुंपले होते. त्यांच्या एका हातात गेरूचं डबडं, दुसऱ्यात कुंचला, काखेत वही. सकाळपासून चारशे सोळा दारांवर नंबर घालून ते कयाधूच्या वाटेला आले तेव्हा त्यांना आपल्या बायकोमुलांची नावंही आठवत नव्हती. समोर दार दिसलं. त्यांनी त्यावर चारशे सतरा घातला.

धुण्याच्या बायांपैकी एकीने सांगून पाहिलं की मास्तर, मागं घर न्हाई. मास्तरांनी मान वाकडी करून मागे पाहिलं. घर नव्हतं हे त्यांनाही दिसलं. "मला हुकूम दाराचा हाय, बाई," ते म्हणाले. "प्रत्येक दारावर नंबर घालायचा. भिंती मोजायचा हुकूम निघाला की भिंती बघू." आणि वहीत लिहिलं: घर नंबर चारशे सतरा, कुलूप, माणसं बाहेरगावी.

संध्याकाळी सोनाजीने तो नंबर पाहिला आणि त्याचा ऊर भरून आला. सरकारने आपणहून त्याच्या दाराला ओळख दाखवली होती. तो दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी बुडवून मुन्शींना सांगायला गेला. न जाता तर बरं होतं, पण आनंद झाला की माणसाला कचेरीतही जावंसं वाटतं.

मुन्शींपुढे खानाशुमारीची यादी आलेलीच होती.

"तुमची दरख्वास्त नवं घर बांधायची हाय," ते म्हणाले. "अन् त्या जागेवर तर घर हाय. चारशे सतरा. मग इजाजत कशाची देऊ?"

"घर न्हाई जी. दार हाय."

"नंबर कशाचा पडला? दाराचा का घराचा?"

"घराचा," सोनाजी म्हणाला, कारण यादीच्या डोक्यावर तसंच लिहिल्याचं मुन्शींनी वाचून दाखवलं होतं.

"मग? बराबर?"

सोनाजीने मान खाली घातली. त्याच्याजवळ वीस महिन्यांचे कागद होते, पण त्यातला एकही कागद त्याला घर नाही असं म्हणत नव्हता.

नवं घर बांधायची दरख्वास्त त्या दिवशी दप्तरदाखल झाली आणि जुन्या घराचा मुआयना, म्हणजे पाहणी, करायला सफाईचे दारोगा आले. दारोगा म्हणजे कामाशी काम ठेवणारे. सायकल बाभळीला टेकवली आणि सोनाजीला कुलूप काढायला सांगितलं. मग डोकं वाकवून उंबऱ्यातून आत गेले, चारी दिशांना नजर फिरवली आणि तिथेच उभ्याने लिहिलं. हवा: भरपूर. उजेड: समाधानकारक. खिडकी: गरज दिसत नाही. सोनाजीला आठवलं की त्या खिडकीपायी त्याचा एक उन्हाळा गेला होता. पुढे दारोगांनी लिहिलं, छत: आढळलं नाही. भिंती: आढळल्या नाहीत. रहिवासी: कुणी नाही. मग ते आले तसे दारातून बाहेर पडले आणि जाताना बजावून गेले की घर असं उघडं टाकू नका, हल्ली चोऱ्या फार होतात.

त्या मुआयन्यावर मुन्शींनी जो हुकूम काढला तो त्यांनी सोनाजीला दोनदा समजावून सांगितला, कारण ते सभ्य मनुष्य होते. घराला छत नाही, भिंती नाहीत, म्हणजे घर नादुरुस्त आहे. नादुरुस्त घराच्या मरम्मतीची इजाजत एका दिवसात मिळते, तिला नकाशा लागत नाही, खिडकी लागत नाही, शेजारीही लागत नाहीत. सोनाजीचा चेहरा उजळला. पण मरम्मत होते ती आबाद घराची. ज्या घरात कुटुंब राहतं, चूल पेटते, ते आबाद. कचेरीच्या सनातल्या फरवर्दी महिन्याच्या वीस तारखेपर्यंत, सूर्य मावळायच्या आत, घर आबाद झालं नाही तर ते गैरआबाद ठरेल, कुलपाला मोहर लागेल आणि जागा सरकारजमा होईल. तोवर तिथे दगडावर दगड ठेवायचा नाही. चटईचा कुड घातला तरी ते बिनइजाजत बांधकाम.

"माझी एकट्याची चूल न्हाई का चालायची?" सोनाजीने विचारलं.

"एकटा माणूस कुठंबी जेवतो," मुन्शी म्हणाले. "त्याला घर म्हणत न्हाईत."

सोनाजी पायरीवर बसला. त्याला सगळं नीट समजलं होतं, आणि तेच वाईट होतं. घर असल्याशिवाय शालू येणार नाही. शालू आल्याशिवाय घर होणार नाही. दोघांच्या मधे एक दार तेवढं उभं होतं, आणि तेही आता जाणार होतं. त्याला रडू आलं. मुन्शींनी त्याला पाणी दिलं, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

फरवर्दीची वीस म्हणजे कधी, हे जोश्याला ठाऊक नव्हतं आणि माघ म्हणजे काय, हे कचेरीला ठाऊक नव्हतं. दोघांच्या मध्ये हेलपाटे घालून सोनाजीने शोधून काढलं की तो दिवस महाशिवरात्रीच्या दोन दिवस अलीकडे येतो. मग तो कळमनुरीला गेला. वाटेत त्याने पक्कं ठरवलं की सासऱ्यांना काय आहे ते खरं सांगायचं. सहाच्या सहा कोस तो तेच घोकत गेला.

ओट्यावर बसल्याबसल्या ग्यानबांनी विचारलं, घराचं कुठवर आलं. आणि सोनाजीच्या तोंडून निघालं, "नंबर पडला मामा. चारशे सतरा."

ग्यानबांच्या घरावरही त्याच महिन्यात नंबर पडला होता. चार भिंती, माळवद, गोठा असं सगळं असलेल्या घरावर. त्यांनी हिशेब केला, तो कुणीही केला असता. त्यांनी आतून गूळ मागवला आणि जावयाच्या हातावर ठेवला. शिवरात्रीला औंढ्याला जायचंच होतं, तर दोन दिवस आधी निघू, वाटेत हिंगोलीला घर पाहू, आणि पसंत पडलं तर शालूला तिथेच ठेवू, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. आता खरं सांगायचं म्हणजे तोंडातला गूळ बाहेर काढायचा. सोनाजीने तो गिळला.

शालूबाई नेहमीसारखी वेशीपर्यंत आली. या वेळी मात्र ती बोलली.

"चूल कुनीकडच्या अंगाला मांडली?"

"तू आल्यावर मांडू," सोनाजी म्हणाला. त्यात काडीइतकंही खोटं नव्हतं. पण तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मुदतीच्या दिवशी सोनाजी सकाळपासून दारापाशी होता. दुपार कलल्यावर दारोगा आले. बरोबर लाख, मेणबत्ती आणि पितळेची मोहर. ते एका दगडावर बसले, घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं आणि सूर्याकडे पाहू लागले. माणूस वाईट नव्हता. सोनाजीला त्यांनी आपल्या डबीतली सुपारीही दिली. मोहर लावायचीच आहे, तर ज्याच्या घराला लावायची त्याच्याशी गोडीने वागायला काय हरकत आहे.

ऊन पिवळं झालं आणि गाडीची घुंगरं ऐकू आली.

गाडी समोरच्या अंगाने येत होती. समोरून दार दिसायचं आणि दाराच्या मागे काय आहे ते दाराआड जायचं. ग्यानबा लांबूनच जोखू लागले. सागवानी दिसतंय, गणेशपट्टी चांगली काढली, उंची बेताची आहे, असं ते लेकीला मोठ्याने सांगत होते आणि सोनाजीला एकेक शब्द ऐकू येत होता. मग वाट वळली, गाडी वळली, आणि दार बाजूने दिसलं. ग्यानबांनी बैल थांबवले.

ते खाली उतरले. दाराकडे पाहिलं, दारामागच्या बाभळींकडे पाहिलं, दगडावर बसलेल्या सरकारी माणसाकडे पाहिलं.

"हे काय करून राहिले तुमी, जवाईबापू?"

सोनाजीला पळून जावंसं वाटलं. पण पळायला चारी दिशा मोकळ्या असल्या की माणसाचे पाय हलत नाहीत.

"खोटं बोललो न्हाई मामा," तो म्हणाला. "पर खरंबी सांगितलं न्हाई. माझ्यापाशी दार हाय. बाकीचं तुमची लेक आल्याबिगर व्हत न्हाई, असा सरकारचा कागद हाय. अन् दिस मावळला की हेबी जातंय."

मग त्याने सगळं सांगितलं, मुन्शी, मास्तर, आबाद, गैरआबाद, एका दमात, क्रम सोडून. ग्यानबांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी एवढंच म्हटलं की माणसाने फसवलं तर एक वेळ सोसता येतं, जावयाने फसवलेलं सोसत नाही. शालूला गाडीतच बसून राहायला सांगितलं आणि कासरा हातात घेतला, बैल माघारी वळवायला.

शालूबाई गाडीतून उतरली.

ती दारापाशी गेली. फळीवरून हात फिरवला. गेरूचा चारशे सतरा पाहिला, वरचं वर्षाचं फिकं पडलेलं कुंकू पाहिलं. सोनाजीकडे तिने पाहिलं नाही, नुसता हात मागे केला. किल्ली मागितली हे त्याला उशिरा कळलं. देताना किल्ली एकदा मातीत पडली.

तिने कुलूप काढून त्याच्या हातात दिलं. कनवटीची कुंकवाची डबी काढून चौकटीला दोन्ही अंगांनी बोटं लावली. गाडीतलं गाठोडं आणलं, औंढ्याला भाकरी करायला घेतलेल्या चार गोवऱ्या आणि तवा आणला. मग उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टाकून ती आत गेली, फळ्या लोटल्या, आणि आतून कडी घातली गेल्याचा आवाज आला.

बाहेर तीन पुरुष उभे राहिले. कुणीही दोन पावलं बाजूला सरकला असता तर ती दिसली असती. कुणी सरकलं नाही. दारोगांनी तर तोंड फिरवून पाठ केली, कारण आत परकं बायकामाणूस होतं.

थोड्या वेळाने दाराच्या वरून धूर आला. दारोगा उठले, खोकले. त्यांची मोहर कुलपाला लावायची होती, आणि कुलूप सोनाजीच्या हातात होतं, दाराला आतून कडी होती. चूल असणार ती तीन दगडांची, पण दगडाशेजारी दगड होता, दगडावर दगड नव्हता. त्यांनी लाख गुंडाळून ठेवली आणि पाठमोऱ्यानेच कागदावर लिहिलं: घर नंबर चारशे सतरा, आबाद.

"कल आ के मरम्मत का कागज ले जाव," ते सोनाजीला म्हणाले. जाताना त्यांनी सायकल हातात धरून रानातून लांबचा वळसा घेतला, नजर आत पडू नये म्हणून.

उरले सासराजावई. ग्यानबांच्या हातात कासरा तसाच होता. सोनाजी त्यांच्या पायांकडे पाहत होता. बाजूने चार पावलं टाकली की लेक हाताला लागली असती, आणि बापाने हात धरून ओढलं तर ती नाही म्हणाली नसती. चार पावलं, मध्ये साधी काटकीसुद्धा नव्हती. सूर्य बाभळींना टेकला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

ग्यानबांनी कासरा जुवाला बांधला. वहाणा काढल्या. पागोटं सारखं केलं आणि ते चालू लागले, सरळ समोरून, दाराकडे. उंबऱ्याशी थांबून त्यांनी कडी वाजवली.

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"कोन हाय?" शालूबाईने विचारलं.

"मी हाय, माय," ग्यानबा म्हणाले. "तुजा बाप."

"थांबा जरा. हात पिठाचे हायेत. उघडते."

ग्यानबा थांबले.